शोकसभेत आभार नसतात

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी सकाळी बुधाजी तायडे अर्ध्या तोंडाला साबण लावून आरशासमोर उभे होते आणि गॅसबत्तीचे आभार मानत होते.

“...तशीच ही गॅसबत्ती. आपल्या वस्तीत लाइट आली, पन खांबापर्यंतच आली. खांबाले उजेड पडला, आपल्याले नाही पडला. अशा वक्ती जिनं आपल्याले एकमेकाचे तोंडं दाखवले, त्या गॅसबत्तीचा मी आभारी आहो. आता तोंडं पाहून कोनाले पस्तावा झाला असंन, तं तो गॅसबत्तीचा दोष नाही.”

“आहे,” खाटेवर वाचत बसलेली वच्छला म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

“कोन आहे?”

“आभारी आहे. मी आहे, तू आहेस, तो आहे. ‘आहो’ नाही.”

“तो असंन ‘आहे’. मी आहो.” बुधाजींनी गालावरून वस्तरा ओढला. “तेहेतीस वर्षं तुह्यासारखी मास्तरीन पोट्टी घरात असून मी अजून ‘आहो’च आहो, यातच माही ताकद दिसते.”

वच्छला तेहेतीस वर्षांची होती हे खरं, पण मास्तरकी नऊच वर्षांची. अमरावतीच्या मुलींच्या शाळेत ती मराठी शिकवायची. शाळेच्या दप्तरात तिचं नाव वत्सला होतं, बोलणं पुस्तकातल्यासारखं होतं आणि मुली तिला घाबरून असायच्या. महिन्यातून एकदा ती अकोल्याला वडिलांकडे यायची, दोन दिवस राहायची आणि बहुतेक वेळ वाचायची.

बुधाजी कचेरीत तीस वर्षं चपराशी होते. साहेबांच्या सभेआधी सतरंजी अंथरायची आणि सभा संपली की गुंडाळायची, हे त्यांचं काम. तीस वर्षांत त्यांनी इतकी भाषणं ऐकली की निवृत्त झाल्यावर ती बाहेर पडायला वाट शोधू लागली. पण अध्यक्ष व्हायला वस्तीत उत्तमराव गुरुजी होते, प्रास्ताविकाला तरुण पोरं होती. बुधाजींच्या वाट्याला आलं ते कोणालाच नको असलेलं आभारप्रदर्शन. शेवटी बुधाजी उठायचे आणि त्यांच्याबरोबर निम्मी सभाही उठायची. बुधाजी बोलायला पुढे जायचे, सभा चपला शोधायला मागे.

त्यांना याचं वाईट वाटत नसे. “आभार म्हंजे सतरंजी गुंडाळायची खून,” ते म्हणायचे. “आभार मानले का मानूस उठते. म्हनून घरात आभार मानू नये. घरातलं मानूस बसलेलंच बरं.”

हा नियम घरात कसोशीनं पाळला जाई. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातलं पुष्कळ काही बदललं. बुधाजींचं नाव तेवढं राहिलं. “मी आधीपासूनच अर्धा बुद्ध होतो, नुसता ‘जी’ जास्त होता,” असं ते सांगायचे. पण हा आभारांचा नियम दीक्षेच्या आधीचा होता आणि नंतरही टिकला.

दाढी झाल्यावर त्यांनी खाटेखालून कापडात बांधलेलं काहीतरी ओढून काढलं आणि वच्छलेच्या पुस्तकावर ठेवलं. पुस्तक आणि वच्छला दोन्ही दबली. आत एक जाडजूड शब्दकोश होता. पुठ्ठा उंदरानं एका कोपऱ्यात चाखून पाहिला होता, बाकी धड होता.

“रद्दीवाला पानं फाडून चिवडा बांधून देत होता त्याच्यात. मी म्हनलं, थांब बाप्पा, ‘अ’ पासून ‘औ’ पर्यंत खाल्लं लोकाइनं, बाकीचं माह्या पोरीसाठी राहू दे.”

वच्छलेनं घाईनं पहिली पानं पाहिली. होती. स्वरांना धक्का लागला नव्हता, बुधाजी आपले नेहमीसारखे बोलत होते. काहीतरी उबदार तिच्या तोंडापर्यंत आलं आणि तिथे नेहमीप्रमाणे व्याकरणाच्या चौकीवर अडलं.

“दुसरी आवृत्ती आहे,” ती म्हणाली.

“म्हंजे चांगलं का वाईट?”

“चांगलं.”

“मंग ठीक.” बुधाजींनी समाधानानं टॉवेलनं कान पुसले.

संध्याकाळी वस्तीत वाचनालयाचं उद्घाटन होतं. “येतं का?” त्यांनी विचारलं. पेपर तपासायचे होते. पेपर नसते तरी ती गेली नसती. सगळे चपला शोधताहेत आणि आपला बाप माश्यांचे आभार मानतो आहे, हे तिनं एकदा पाहिलं होतं, कॉलेजात असताना. पुन्हा पाहिलं नाही.

ते सतरंजी बगलेत मारून परत आले तेव्हा तिनं ताट वाढलं.

“बारा मानसं होते शेवटपर्यंत,” ते म्हणाले. मग विचार करून, “एक झोपला होता. अकरा धर.”

“जेवून घ्या,” वच्छला म्हणाली.

तो शेवटचा साधा दिवस. त्यात एवढंच झालं.

सोमवारी सकाळच्या एसटीनं दोघं अमरावतीला निघाली. शब्दकोशासाठी वच्छलेच्या खोलीत फळी ठोकून द्यायची म्हणून बुधाजी हातोडी घेऊन निघाले होते. शब्दकोश तिच्या कापडी पिशवीत, हातोडी त्यांच्या. गाडीत बुधाजींनी आधी रस्त्याला नावं ठेवली, मग रस्ता करणाऱ्याला, मग शेजारी झेंडूच्या फुलांची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या किसनराव नावाच्या फुलवाल्याला विचारलं की लग्न कोणाचं. लग्न बडनेऱ्याला होतं, दुपारच्या मुहूर्ताचं, आणि हार किसनरावच्या मळ्यातले.

“नवरी पाहिली का तुमी?”

“मी कायले पाहू? मी फुलंवाला.”

“पाहून घ्या. हार उगीच लांब झाला तं!”

मुर्तिजापूर सोडल्यावर बुधाजी गप्प झाले. हे पहिलं लक्षण होतं. वच्छलेनं ते सुख समजून पुस्तक उघडलं. पुष्कळ पुढे, बडनेरा जवळ आल्यावर, किसनरावनं तिच्या खांद्याला हात लावला. “बाई, म्हातारबुवाले पाहा.” बुधाजींचा चेहरा राखेसारखा झाला होता, सदरा घामानं भिजला होता आणि डावा हात त्यांनी उजव्या हातात, दुसऱ्याचा असल्यासारखा धरला होता.

ड्रायव्हर सूर्यभाननं आरशात पाहिलं, गाडी न थांबवता कंडक्टरला म्हणाला, “घंटी मारू नको. आता कितीबी मारली तरी थांबत नाही.”

बडनेऱ्याचा स्टँड आला आणि गेला. स्टँडवरच्या लोकांनी गाडीला हात दाखवले, मग मुठी दाखवल्या.

“अरे, बडनेरा!” किसनराव टोपलीसकट उभा राहिला. “माहं लग्न आहे!”

“तुमचं?” कंडक्टर म्हणाला.

“फुलांचं!”

“आज बडनेरा नाही. आज डायरेक दवाखाना.”

“अन् मुहूर्त?”

“बसा खाली, भाऊ,” सूर्यभान समोरच पाहत ओरडला. “नवरी पळून नाही जात. हे मानूस पळून राहिलं.”

किसनराव बसला. आणि बसल्यावर त्यानं टोपली खाली ठेवली, बुधाजींचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि थेट अमरावतीपर्यंत टोपलीवरच्या ओल्या फडक्यानं त्यांचं कपाळ पुसलं. मोठ्या दवाखान्याच्या फाटकातून एसटीची पूर्ण गाडी, चाळीस उतारूंसकट, आत शिरली. दरवान अडवायला धावला आणि गाडीचा आकार पाहून बाजूला झाला.

ड्यूटीवर डॉक्टर मेहेंदळे होते. वय सव्वीस, गाव पुणे, अमरावतीत येऊन दोन महिने झालेले. त्यांच्याबरोबर केशरबाई नर्स होत्या, चांदूर बाजारच्या, दवाखान्यात अठरा वर्षं काढलेल्या.

“आजोबा, कुठे दुखतंय?”

“दुखाचं सोडा डाक्टर,” बुधाजी कसेबसे म्हणाले, “मी मरून राहिलो.”

डॉक्टरांनी केशरबाईंकडे पाहिलं. “मरून राहिलात म्हणजे?”

“म्हणजे मरत आहेत, डॉक्टर,” केशरबाई सुईत औषध भरत म्हणाल्या. “अजून मेले नाहीत. आमच्याकडे असंच बोलतात.”

आणि तेवढ्यात बुधाजींनी वाक्य पूर्ण केलं. डोळे वर गेले, हात खाटेवरून खाली लोंबला. डॉक्टरांनी गळ्याशी बोटं लावली, कान छातीला लावला. मग एकदम खाटेवर गुडघा टेकवून दोन्ही तळवे बुधाजींच्या छातीवर ठेवले आणि सगळ्या अंगाचं वजन टाकून दाबायला लागले. एकदा, दोनदा, दहादा. खाट कुरकुरत होती. केशरबाईंनी नाकातोंडावर ऑक्सिजन धरला होता. आतून काहीतरी कटकन मोडल्याचा आवाज आला.

तो आवाज वच्छलेनं ऐकला. नऊ वर्षांत वर्गात जिचा आवाज चढला नव्हता, त्या वत्सला तायडे बाईंनी पिशवी दोन्ही हातांनी उचलली आणि डॉक्टर मेहेंदळ्यांच्या पाठीत घातली.

“मारता काय त्यांना! सोडा! सोडा म्हणते ना!”

शब्दकोश पाठीत बसला तसे डॉक्टर कळवळले, पण हात काढले नाहीत. “बाईंना धरा,” एवढंच म्हणाले आणि दाबत राहिले. धरायला कोणी रिकामं नव्हतं, म्हणून आणखी एकदा बसला. तिसऱ्यांदा पिशवी वर गेली तेव्हा दारातून आत आलेल्या किसनरावनं ती हवेतच पकडली. आणि त्याच वेळी खाटेवरून एक लांब, खरखरीत, रागावलेला श्वास ऐकू आला.

“आले,” केशरबाई म्हणाल्या.

डॉक्टर खाटेवरून उतरले, भिंतीला टेकले. अंगातून घाम निथळत होता. हे असं छाती दाबणं त्यांनी फक्त एका मासिकात वाचलं होतं. माणसावर आज पहिल्यांदाच केलं.

तासाभरानं, इंजेक्शनं देऊन झाल्यावर, नाडी जागेवर आल्यावर, ते व्हरांड्यात बाकावर बसलेल्या वच्छलेसमोर उभे राहिले. “धोका आहे अजून. पण आत्ता बरे आहेत. दोन बरगड्या मोडल्यात, त्या माझ्याकडून. जुळतील.” मग पाठ चोळत त्यांनी विचारलं, “बाई, त्या पिशवीत होतं काय?”

“शब्दकोश.”

“तरीच. इतके शब्द एकदम मी कधी ऐकले नव्हते.”

ते हसले. वच्छलेनंही हसायला हवं होतं, किंवा रडायला, किंवा हात जोडून दोन शब्द बोलायला. सगळं एकदम आलं, चौकीवर गर्दी झाली आणि त्यातून सुटलं ते असं :

“दुसरी आवृत्ती आहे.”

“अच्छा,” डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

बुधाजींना दुसऱ्या दिवशी बोलता यायला लागलं आणि वॉर्डातल्या लोकांचा आराम संपला. डॉक्टरांनी सक्त पडून राहायला सांगितलं होतं. जीभ पडून राहावी असं मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

“कसं वाटतंय, आजोबा?”

“बरा आहो.”

“अहो काय?”

“काय अहो?”

“तुम्ही ‘बरा, अहो’ म्हणालात.”

“तेच तं म्हनून राहिलो. बरा आहो.”

“आहेत, डॉक्टर, बरे आहेत,” केशरबाई मधे पडायच्या. “तुम्ही नाडी बघा. बोलणं मी बघते.”

पाठीवर पिशवी बसल्याची हकीगत बुधाजींना किसनरावकडून कळली. तो लग्न आटोपून तिसऱ्या दिवशी मुद्दाम आला होता. “म्हातारं जगलं का?” दारातूनच विचारलं. “जगलं,” बुधाजी खाटेवरून म्हणाले. “तुमची नवरी?” “लागलं लग्न, दुसऱ्या मुहूर्तावर. नवरीचा बाप लय बोलला मले. मी म्हनलं, बोला, आज मी मानूस वाचवला आहे, मले फरक पडत नाही.” मग त्यानं पिशवीचं सगळं रंगवून सांगितलं. बुधाजींना हसू आवरेना आणि हसलं की बरगड्या दुखायच्या, त्यामुळे ते एकाच वेळी हसत आणि शिव्या देत होते.

किसनराव गेल्यावर त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले, “वच्छे, तुही माय गेली तवाचं तुले आठवते?”

वच्छलेला आठवत होतं. ती आठ वर्षांची होती आणि ते अकोटजवळच्या खेड्यात राहत होते. आई, सुंदराबाई, चार दिवस तापानं फणफणली होती. बुधाजींनी हातापाया पडून वैद्याला आणलं. वैद्य अंगणाच्या कडेपर्यंत आला. त्यापुढे आला नाही. या घराचा उंबरा त्याला ओलांडायचा नव्हता. तिथूनच त्यानं नाडी पाहिली. म्हणजे बुधाजींना मनगट धरायला सांगितलं आणि अंगणातून विचारलं, “चालते का?” बुधाजी म्हणाले, “चालते.” “मग चालू दे,” म्हणाला आणि पुडी दगडावर ठेवून निघून गेला. तिसऱ्या दिवशी ती चालायची थांबली.

“आठवतं,” वच्छला म्हणाली.

“एक तो होता, हात लावायले तयार नवता. अन् एक हा,” बुधाजींनी मोडक्या बरगड्यांवर हलकेच तळवा ठेवला, “वरून मार पडून राहिला तरी हात काढायले तयार नवता.”

वच्छलेनं पाण्याचा पेला उगीचच सरळ केला.

“तू काही बोलली का त्याले?”

“कोणाला?”

“ज्याले मारलं त्याले.”

“बोलेन.”

“घरातल्या मानसाचे आभार मानू नये म्हनलं होतं मी. तो घरातला नाही. पुन्याचा आहे.”

बोलेन म्हणाली ती खरंच. रोज ठरवायची. डॉक्टर सकाळी आठला यायचे. पहिल्या खाटेपासून बुधाजींच्या सातव्या खाटेपर्यंत त्यांना वीस मिनिटं लागायची आणि तेवढ्यात वच्छला मनात वाक्य तयार करायची. कर्ता, कर्म, क्रियापद. ‘ऋणी’ फार जड वाटायचं, ‘उपकार’ भिकाऱ्यासारखं वाटायचं, ‘धन्यवाद’ रेडिओसारखं. वाक्य निर्दोष व्हायचं तोपर्यंत डॉक्टर नवव्या खाटेवर असायचे.

बुधाजींनी दहाव्या दिवशी एक सभाच जाहीर केली. घरी गेल्यावर अकोल्याला, वाचनालयात, अमुक रविवारी, दुपारी तीन वाजता. जन्मभर दुसऱ्यांच्या सभेच्या शेवटी आभार मानले. ही सभा नुसती आभारांचीच. अध्यक्ष नाही, प्रास्ताविक नाही, सुरुवातीलाच आभार. “म्हंजे लोक चपला घालून मोकळेच. जाईन त्याले जाऊ द्या.” आमंत्रण डॉक्टरांना, केशरबाईंना, सूर्यभान ड्रायव्हरला आणि किसनरावला गेलं. डॉक्टरांनी रजा टाकून येतो म्हणून कबूल केलं. ते मनापासून की रोग्याचं मन राखायला, हे केशरबाईंनाही कळलं नाही.

आभारांचा मजकूर त्यांनी वच्छलेला सांगितला. तिनं तो एका जुन्या उत्तरपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतला. सवयीनं लिहिता लिहिता दुरुस्त करत गेली. ‘मानून राहिलो’चं ‘मानतो’ झालं. ‘आहो’चं ‘आहे’ झालं.

“आता डॉक्टर,” ती म्हणाली. “सांगा.”

“तिथं जागा सोड.”

“का?”

“मारलं तू, अन् आभार मी काहून मानू? ते तू बोलजो.” ते डोळे मिटून हसत होते. “पहिले मी बा होतो अन् तू मले ‘तू’ म्हनत होती. तू मॅट्रिक झाली, मी बाबा झालो, ‘तुमी’ झालो. बढती झाली, पन आवाज कमी झाला तुहा. जरा जोरानं बोलजो सभेत. माईक नाही.”

एकोणिसाव्या दिवशी सकाळी चहा पिऊन, चहात साखर कमी म्हणून आयाबाईला टोमणा मारून, बुधाजी उशीवर टेकले आणि गेले. डॉक्टर धावत आले. पुन्हा खाटेवर गुडघा, पुन्हा दोन्ही तळवे. या वेळी वच्छलेनं पिशवी आधीच खाली ठेवली होती. अर्धा तास ते दाबत होते. शेवटी केशरबाईंनी त्यांच्या दंडाला हात लावला, “डॉक्टर, पुरे,” तेव्हा थांबले.

मग वच्छलेसमोर येऊन उभे राहिले. केस कपाळाला चिकटले होते. “माफ करा,” ते म्हणाले. “या वेळी नाही जमलं.”

जगातली सगळी वाक्यं वच्छलेसमोर रांगेत उभी होती. तिनं त्यातलं सगळ्यात फालतू उचललं.

“ठीक आहे,” ती म्हणाली.

सभेची तारीख ठरलेली होती, ती बदलली नाही. फक्त नाव बदललं. वाचनालयात बुधाजींचीच सतरंजी अंथरली होती. फोटोसाठी पंचाईत झाली, कारण त्यांचा एकट्याचा फोटो कधी निघालाच नव्हता. कचेरीचा एक ग्रुप फोटो होता. त्यात साहेब मधे बसलेले आणि अगदी कडेला, गुंडाळलेली सतरंजी बगलेत धरून, आत्ताच निघाल्यासारखे बुधाजी. पोरांनी साहेबांना कापून टाकलं आणि बुधाजींना पुठ्ठ्यावर चिकटवलं. हार किसनरावनं आणला होता, झेंडूचा, लग्नाइतका मोठा.

सूर्यभान आला होता, खाकी कपड्यांतच. आणि केशरबाईंच्या मागोमाग, दारात वाकून बूट काढत, डॉक्टर मेहेंदळे.

त्रिशरण झालं, पंचशील झालं. उत्तमराव गुरुजी अध्यक्ष होते. तीन जण बोलले. तिघांनीही सांगितलं की बुधाजी मितभाषी होते. मेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं असतं, ते तिघांनीही आधीच पाठ केलेलं होतं. लोकांनी माना हलवल्या. दोन मिनिटं सगळे उभे राहिले. मग उत्तमराव घसा साफ करून म्हणाले, “शोकसभेत आभार मानायची पद्धत नसते. त्यामुळे आज बुधाजी असते, तरी त्यांना गप्प बसावं लागलं असतं.”

“बसले नसते,” मागून सूर्यभान म्हणाला.

“...तर सभा संपली असं मी जाहीर करतो.”

लोक चपलांकडे वळले. डॉक्टर बुटाची नाडी शोधायला वाकले. वच्छलेला कळलं, आता ते दारातून बाहेर जाणार, स्टँडवर जाणार, अमरावतीत पुढच्या खाटेकडे जाणार. वाक्य अजून तयार नव्हतं.

“बसा,” ती म्हणाली.

तो तिचा वर्गातला आवाज होता. सगळे बसले. डॉक्टर एका पायात बूट घालून बसले. उत्तमरावही बसले, मग लक्षात येऊन म्हणाले, “वच्छलाताई, शोकसभेत आभार...”

“ही शोकसभा नाही, गुरुजी. ही तारीख बाबांनी ठरवली होती, आभारांसाठीच. ते नाहीत, पण तारीख आहे.”

तिनं पर्समधून घडी घातलेली उत्तरपत्रिका काढली आणि वाचायला सुरुवात केली. “एसटीचे चालक श्री. सूर्यभान यांचा मी आभारी आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठेही न थांबणाऱ्या गाडीतून प्रवास केला. श्री. किसनराव यांचा मी आभारी आहे...” ती थांबली. शब्द सगळे त्यांचे होते, क्रम त्यांचा होता, आणि माणूस कुठेच नव्हता. कोणीतरी त्यांना कपडे घालून, भांग पाडून उभं केलं होतं. कोणी, ते तिला माहीत होतं. अक्षर तिचंच होतं.

तिनं कागदाची घडी घातली.

“किसनभाऊ,” ती म्हणाली, “तुमी लग्न सोडून माह्या बापाचं डोकं मांडीवर घेतलं. सूर्यभानभाऊ, तुमी बडनेरा खाऊन टाकला. केशरबाई, तुमी आमचं बोलनं पुन्याले समजून सांगतलं. मी तुमची सगळ्याइची आभारी आहो.”

‘आभारी’ हा शब्द ऐकताच सवयीनं दोघा-तिघांचे हात चपलांकडे गेले. “अजून झालं नाही,” वच्छला म्हणाली. हात परत आले.

“डॉक्टर.”

डॉक्टरांनी वर पाहिलं.

“मी तुमाले शब्दकोशानं मारलं. दोनदा. तुमी माह्या बापाले मारून राहिले असं मले वाटलं. माही माय गेली तवा वैद्यानं तिले हात नवता लावला. मंग हात लावनारा डॉक्टर कसा असते, ते मले कसं समजावं? तुमी हात लावला, काढला नाही, अन् त्याच्यानं मले माहा बाप आनखी एकोनीस दिवस भेटला. त्या दिवसात तो जेवढा बोलला, तेवढं मी तेहेतीस वर्षांत ऐकून घेतलं नवतं. अन् शेवटी माफी मांगतली तुमी. माफी मी मांगायची होती.” तिनं घडी केलेला कागद पर्समध्ये टाकला. “मी आभारी आहो.”

“‘आहे’ म्हणताहेत, डॉक्टर,” केशरबाई पदरानं नाक पुसत हळूच म्हणाल्या.

“कळलं मला,” डॉक्टर म्हणाले. आणि त्यांनी वाकून पायातला बूट परत काढला.

आता खरंच झालं होतं. पण वच्छला उभीच होती. ती फोटोकडे वळली. झेंडूच्या प्रचंड हारातून बुधाजींचं फक्त तोंड आणि सतरंजीचं एक टोक दिसत होतं.

“बा,” ती म्हणाली. हा शब्द तिनं सोळाव्या वर्षानंतर उच्चारला नव्हता. “दुसरी आवृत्ती म्हंजे लय चांगली असते. मी तवा नीट नाही सांगतलं. तू मले शिकवलं, तू रद्दीतून पुस्तकं आनले, तू दर सभेत शेवटपर्यंत उभा राहिला अन् मी आलीच नाही. तुह्या नियमानं घरात आभार मानू नये, मानले का मानूस उठते. म्हनून मी थांबली होती.”

एकाही चपलेचा आवाज झाला नाही.

“बा, मी आभारी आहो,” वच्छला मोठ्यानं म्हणाली. “आता तू उठला तरी चालते.”